चावलेली गोळी

जमिनीतून काही सापडलं की शोधणाऱ्याला ते लगेच कुणातरी सेनापतीचं हवं असतं. हा रोग मी गेली काही वर्षं फार जवळून पाहते आहे. आम्ही राहतो ते वेस्ट विंडसर आणि त्याच्या आसपासचा न्यू जर्सीचा पट्टा म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात दोन्हीकडच्या सैन्यांनी तुडवलेली जमीन. आता तिथे आमच्यासारख्यांची घरं आहेत, स्टेशनचं पार्किंग आहे, योगाचे क्लास आहेत. पण मधूनमधून शेतं अजून शिल्लक आहेत, आणि मालकाची परवानगी काढून त्या शेतांत मेटल डिटेक्टर फिरवणारे आम्ही काही लोक आहोत. जवळजवळ सगळे निवृत्त, जवळजवळ सगळे गोरे पुरुष, आणि त्यांत मी एकटी बाई, तीही मराठी.

शनिवारी सकाळी कुणाच्यातरी ट्रकच्या मागच्या फळीवर सापडलेला माल मांडला जातो आणि ओळखपरेड सुरू होते. लोखंडाचा गोल गोळा निघाला की तो तोफेचा. मग मी म्हणायचं, की बाबा रे, तोफेच्या गोळ्यांची मापं ठरलेली असायची, याचं माप घे, वजन कर, साच्याचा सांधा कुठे दिसतो का बघ. माप कुठल्याच तोफेला बसत नाही. हा दगड दळायच्या गिरणीतला गोळा आहे. की झाला माणूस नाराज. पितळेचं सपाट बटण निघालं की ते अधिकाऱ्याच्या कोटाचं. मी मागची कडी भिंगातून बघून म्हणायचं, की हे कुणा शेतकऱ्याच्या बंडीचं आहे. बकल निघालं की तलवारीच्या पट्ट्याचं, आणि ते असतं घोड्याच्या लगामाचं. खरं कळून कुणाला आनंद झालेला मी पाहिला नाही. आणि आपली माणसं वेगळी आहेत असंही समजू नका. आमच्या शेजारच्या काकूंना मी एकदा हिरवा गंज चढलेलं एक तांब्याचं बटण दाखवलं, तर त्या हात धुऊन चिंच भिजवायलाच निघाल्या. दोनशे वर्षांचा पुरावा पाच मिनिटांत लख्ख झाला असता.

मला हे ओळखायचं काम जमतं याला कारण आहे. मी दातांची डॉक्टर. नागपूरला एका डेंटल कॉलेजात दातांची रचना हा विषय शिकवत होते. मेणाच्या ठोकळ्यातून विद्यार्थ्यांकडून दात कोरून घ्यायचे, उंचवटा जरा इकडचा तिकडे झाला तर परत कोरायला लावायचे, हे माझं काम. माणसाचेच नाही, कुत्र्याचे, गाईचे, डुकराचेही दात आम्हाला शिकावे आणि शिकवावे लागत. बारीक खुणा वाचायची डोळ्यांना सवय लागली ती लागलीच. कॅलिपर, भिंग, मऊ ब्रश ही माझी हत्यारं दातांसाठी होती, तीच आता मातीतल्या वस्तूंवर चालतात.

लग्नानंतर इथे आले तेव्हा कळलं, की इथल्या लेखी मी डॉक्टर नाही. पुन्हा कॉलेजात जा, पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या, मग बघू. यांची नोकरी नवी, मुलगी अंगावर पिणारी, गावात ओळखीचं कुणी नाही. मी एका दातांच्या डॉक्टरांकडे असिस्टंट म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पेशंटच्या तोंडात दिवा धरायचा, लाळ ओढून घ्यायची, हत्यार हातात द्यायचं. दुसऱ्याच्या तोंडात बघायचं आणि आपलं तोंड उघडायचं नाही. असिस्टंटनं निदान सांगणं हा कायद्यानं गुन्हा. या गोष्टीचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे, आणि तो ओसरावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

तर ती गोळी. बर्फ वितळलं होतं, नांगरणी व्हायची होती. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात, ओढ्याच्या बाजूला, डिटेक्टरनं स्वच्छ आवाज दिला. वीतभर खाली शिशाची गोळी निघाली. बंदुकीची, जुन्या काळची, मोठ्या बोराएवढी. शिसं इतकी वर्षं मातीत राहिलं की त्याच्यावर पांढरट साय येते, ती छान आलेली होती. पण गोळी गोल नव्हती. दोन्ही बाजूंनी चेपलेली होती आणि दोन्ही बाजूंना खोल खड्डे होते. मी तिथेच चिखलात बसून भिंग लावलं. मोठे खड्डे, आणि त्यांच्यामधे दाटीनं बारीक खड्डे, मक्याच्या कणसावरचे दाणे एकमेकांना खेटून असतात तसे. माणसाच्या दाढेवर चार-पाच बसके उंचवटे असतात, मधे मोकळी जागा असते. ही गर्दी डुकराच्या दाढेची. डुकरं माती उकरताना सापडेल ते चघळतात, शिसंसुद्धा.

शेतमालकाला मी तिथेच सांगितलं, की गोळी लढाईच्या काळातली आहे, आणि ती डुकरानं चावलेली आहे. तो मोठ्याने हसला. म्हणाला, "त्या काळी या भागात डुकरं मोकाटच फिरायची. आमच्या आजोबांपर्यंत इथे डुकरंच डुकरं होती." गोळी त्याच्या जमिनीतली, म्हणजे त्याची. त्याची इच्छा ती गावातल्या इतिहास मंडळाच्या छोट्या म्युझियमला द्यायची होती. मी स्वतः नेऊन दिली आणि तिथेही तोंडाने स्पष्ट सांगितलं, की दातांच्या खुणा डुकराच्या आहेत. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.

शाळा संपत आल्या तेव्हा मी म्युझियममधे सहज डोकावले. काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर, वरून खास दिवा सोडून, माझी गोळी ठेवलेली. खाली पाटी: ‘वेदनेची गोळी. भूल नसलेल्या काळात शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी सैनिकाने दातांत घट्ट धरलेली.’ समोर शाळेची मुलं बसलेली आणि मंडळाच्या एक स्वयंसेवक बाई त्यांना सांगत होत्या, "डोळे मिटा. दात घट्ट आवळा. आता विचार करा, तुमचा पाय कापताहेत." मुलं बिचारी दात आवळून बसली होती. एक मुलगी रडकुंडीला आली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, ज्याला दातांतलं काही कळत नाही त्यालाही एवढं कळावं, की उताण्या निजलेल्या, ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडात सुटी गोळी कोण ठेवील? श्वासाबरोबर घशात जाईल आणि शस्त्रक्रियेच्या आधीच माणूस मरेल. साधी कॅप बसवताना ती निसटून घशात जाऊ नये म्हणून आम्ही जिवाचं रान करतो. चामड्याचा पट्टा देतील, लाकूड देतील. आणि माणूस शिशावर थोडीफार खूण उमटवू शकतो, पण गोळीचं असं भजं करायला गेला तर त्याचीच दाढ दुभंगेल.

हे सगळं मी अध्यक्षबाईंना सांगितलं. त्या अतिशय गोड बाई आहेत. मान एका बाजूला कलती करून त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "किती इंटरेस्टिंग!" इतकी वर्षं या देशात काढल्यावर मला एक पक्कं कळलं आहे. इथे ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले की विषय संपला. मग म्हणाल्या, "लोकांना ही गोष्ट फार भावते हो. मुलं घरी जाऊन सांगतात." मी म्हटलं, "गोष्ट भावते म्हणून खरी होत नाही." तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "तुम्ही डेंटल असिस्टंट होतात ना?"

होतात ना! मी तिथून निघाले ते गाडीत येऊन पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पाणी आल्याचाही राग आला होता.

घरी हे पेपर वाचत होते. माझे यजमान निवृत्त इंजिनीअर आहेत, शांत माणूस, कुठल्याही भांडणात समोरच्याची बाजू त्यांना आधी दिसते. सगळं ऐकून म्हणाले, "अगं, गोळी ओरिजिनल आहे ना? मग दात कोणाचे याने काय फरक पडतो? सोड ना." मुलगी ॲन आर्बरला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, यू आर प्रॉबब्ली राइट. बट व्हाय डू यू केअर सो मच?"

का म्हणजे? आयुष्यभर जे एक काम मला नीट येत होतं, त्यावर बोलायची मला या देशात बंदी होती. आता कुणाचा पेशंट नाही, कायदा आड येत नाही, विमा नाही, लायसन्सचा प्रश्न नाही. दात कुणाचे, एवढंच सांगायचं आहे, आणि तेही माझ्या तोंडून चालत नाही! मला डुकराचं काही पडलेलं नव्हतं. माझा शब्द माझा म्हणून ऐकला जावा एवढंच हवं होतं. मुलीला मी हे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "ओके. देन प्रूव्ह इट."

सिद्ध करायला डुक्कर हवं. मी ट्रेंटनमधल्या एका खाटकाकडे गेले आणि डुकराचं अख्खं डोकं मागितलं. वयस्क डुकराचं, दाढा पूर्ण आलेल्या हव्यात, असंही सांगितलं. माझ्याकडे, माझ्या टिकलीकडे, परत माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, काय करणार? मी म्हटलं, उकडणार. त्यानं तमालपत्र घाला म्हणून सांगितलं आणि कागदात गुंडाळून दिलं.

आता यात एकच अडचण होती. श्रावण होता. हे एरवी मटणाच्या रश्श्यावर ताव मारतात, पण श्रावण म्हणजे श्रावण, कांदासुद्धा चालत नाही. आणि डुक्कर तर बाराही महिने नाही. त्यात त्याच दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता, हे मी डोकं घेऊन घरी आल्यावर मला आठवलं. आता ते परत न्यायचं का? फ्रीजमधे ठेवलं असतं तर यांनी घर सोडलं असतं. मी मागच्या अंगणात गॅसच्या शेगडीवर जुनं मोठं पातेलं चढवलं आणि मंद आचेवर उकडत ठेवलं. हाडावरचं मांस हळूहळू सुटतं, घाई केली तर दात तडकतात.

"श्रावणात? सत्यनारायणाच्या दिवशी? अगं, तुला काही..." यांनी नाकाला रुमाल लावला.

"स्वयंपाकघरात येत नाहीये ते," मी म्हटलं. "आणि प्रसादाचा शिरा मी आंघोळ करून केलाय. दोन्हीचा काही संबंध नाही."

आलेल्या मंडळींना वास आलाच. एक वहिनी तर दोनदा म्हणाल्या, "काहीतरी वेगळंच शिजतंय का हो?" कथा संपून प्रसाद झाल्यावर, आमच्या मराठी मंडळातले एक निवृत्त हार्ट स्पेशालिस्ट, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात, हात धुवायला मागच्या दाराने बाहेर गेले आणि त्यांनी झाकण उचलून पाहिलं. झाकण पडल्याचा आवाज आत ऐकू आला. मला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं होतं, हा माणूस डॉक्टर आहे, आपला आहे, याला तरी पुराव्याचं महत्त्व कळेल. तर ते म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? सैनिकाची गोष्टच छान आहे. यू नो, त्यात एक इमोशन आहे. तुम्ही कशाला त्यांच्या हिस्टरीत पडता यार? आपण इथे पाहुणे." त्यांची पदवी इथे चालली. रेसिडेन्सी मिळाली, पाटी लागली, मोठं घर झालं. इतकी वर्षं इथे डॉक्टरकी केलेला माणूस स्वतःला पाहुणा म्हणतो आणि मला गप्प बसवतो, याचा मला अध्यक्षबाईंपेक्षा जास्त राग आला. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टरसाहेब, शिरा घ्या अजून," आणि आत गेले, कारण बाहेर उभी राहिले असते तर आणखी काही बोलले असते.

कवटी स्वच्छ झाली, उन्हात वाळली. मग मी मेणाच्या गोळ्या केल्या, बरोबर त्या शिशाच्या गोळीच्या मापाच्या. एक डुकराच्या वरच्या आणि खालच्या दाढांमधे धरून दाबली. दुसरी माणसाच्या दाढांत दाबायला हवी होती. यांना खुर्चीवर बसवलं, डोकं मागे केलं आणि म्हटलं, "आ करा."

"हे शेवटचं," हे म्हणाले.

"चावा. सोडू नका. जोरात."

चावले बिचारे. डोळे मिटून, श्रावणातली शिक्षा भोगत असल्यासारखे. आणि नंतर मी दोन्ही मेणाचे गोळे आणि मी काढलेला मूळ गोळीचा मोठा फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा हेच चष्मा वर करून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे तर उघडच दिसतंय की गं." या माणसावर मी त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रेम केलं असेल.

हे सगळं घेऊन मी म्युझियममधे गेले. कवटी कापडी पिशवीत होती. अध्यक्षबाई जरा मागे सरकल्या, पण त्यांनी सगळं पाहिलं. आणि तरीसुद्धा काय म्हणाल्या? "हे फारच मेहनतीचं काम आहे. पण पाटी बदलायची तर समितीला लायसन्स असलेल्या डेंटिस्टचं मत लागेल. आमच्या देणगीदारांतच एक आहेत." आणि त्यांनी नाव घेतलं ते माझ्या डॉक्टरांचं. ज्यांच्याकडे मी नोकरीची सगळी वर्षं दिवा धरून उभी होते, त्यांचंच.

मी हसले. दुसरं काय करणार? त्यांना वाटलं मला आनंद झाला.

ठरल्या शनिवारी समितीची माणसं जमली. म्युझियम म्हणजे जुनं शेतघर, बैठकीची खोली बुटक्या छताची, मधे लांब टेबल. टेबलावर ती गोळी, माझे मेणाचे गोळे, डुकराची कवटी. हे मला सोडायला म्हणून आले होते आणि मागच्या खुर्चीवर बसून राहिले. डॉक्टर आले. केस पांढरे झालेले, चाल तशीच रुबाबाची. मला बघून फार खूश झाले, मला मिठी मारली आणि सगळ्यांना म्हणाले, "माझा उजवा हात होती ही!" माझं नाव त्यांना कधीच म्हणता आलं नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते कापून दोन अक्षरांचं केलं होतं. त्या दोन अक्षरांनीच हाक मारली.

मग ते म्हणाले, "आधी कॉफी घेऊ या का?" आणि मला स्वयंपाकघराकडे घेऊन गेले. दार लोटलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

हे तीन शब्द मी किती वेळा ऐकले असतील. पेशंट खुर्चीवर, एक्स-रे यांच्या हातात, आणि आम्ही मागच्या छोट्या खोलीत. तुला काय वाटतं? मूळ जातंय की वाचेल? सावली दिसतेय ती गळूची की नुसतीच? मी हळू आवाजात सांगायची. मग डॉक्टर बाहेर जायचे आणि पेशंटला म्हणायचे, "मला असं दिसतंय, की..." पेशंट त्यांना धन्यवाद द्यायचा. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दिवाळीला मला सुट्टी द्यायचे, मुलीच्या ग्रॅज्युएशनला आले होते. पण त्या मागच्या खोलीत मी जे बोलले ते दार उघडून बाहेर गेलं की त्यांचं होत असे, आणि याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

मी म्हटलं, "डॉक्टर, मला बाहेर विचारा. सगळ्यांसमोर."

ते हसले. "तू अजिबात बदलली नाहीस," म्हणाले. हेही त्यांना कसं कळलं, देव जाणे, कारण असं काही मी त्यांना पूर्वी कधी म्हटलेलंच नव्हतं. "डुक्कर ना? फोनवर त्यांनी सांगितलं मला, तू काय म्हणतेस ते." खांद्यावर थोपटून, कॉफी न घेताच, बाहेर गेले.

बाहेर जाऊन त्यांनी खिशातून चष्मा काढला, गोळी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, एकदा फिरवली. माझ्या मेणाच्या गोळ्यांकडे पाहिलंही नाही. "इतक्या वर्षांच्या अनुभवावरून," डॉक्टर म्हणाले, "मला असं दिसतंय, की या खुणा माणसाच्या नाहीत. डुकराच्या."

झालं. एकाही माणसानं ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं नाही. एकानंही विचारलं नाही, की गोष्ट इतकी छान असताना तुम्ही असं कसं म्हणता. अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे पाटी आजच काढायला हवी," आणि खरोखर उठून पेटीकडे निघाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाले, नव्या पाटीवर डॉक्टरांचं नाव घालू या. डॉक्टरांनी नको नको म्हणत मान हलवली, म्हणजे घाला. मागून हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? चल आता."

माझ्या मनासारखं! मी उन्हाळाभर जे घसा फोडून सांगत होते, डोकं उकडून, मेण दाबून, नवऱ्याचे दात मोजून सांगत होते, तेच वाक्य. त्यांच्या तोंडून अर्ध्या मिनिटात खरं झालं. आणि काही ठरवायच्या आधीच मी उठून उभी राहिले होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "एक प्रश्न आहे."

"विचार ना."

"या गोळीच्या दोन बाजू आहेत. कोणत्या बाजूला वरची दाढ लागली आहे आणि कोणत्या बाजूला खालची?"

माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला आणि कुठला ते लगेच कळलं. नागपूरला तोंडी परीक्षेला विद्यार्थी समोर येऊन उभा राहिला, की त्याच्या तळहातावर एक दात ठेवून मी याच आवाजात विचारत असे. वरचा की खालचा, डावा की उजवा, कशावरून. घाई नाही, राग नाही. उत्तर येईपर्यंत थांबायचं.

मी थांबले. अध्यक्षबाई पेटीपाशी हात वर करून थांबल्या. डॉक्टरांनी चष्मा नाकावर खाली घेतला. गोळी फिरवली. परत फिरवली. भिंग मागितलं, कुणीतरी दिलं. टेबलाभोवतीचे सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते.

आणि मग डॉक्टरांनी जे केलं ते त्यांनी ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. नुसती सवय. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, गोळी तळहातावर धरून हात पुढे केला, भुवई उचलली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

छत बुटकं, खोली लहान. सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. डॉक्टरांना आपण काय बोललो ते त्यांच्या कानांपर्यंत पोचायला एक क्षण लागला, मग त्यांचे कान लाल झाले. त्यांनी हात मागे घेतला नाही, आणखी पुढेही केला नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमचे हे उभे राहिले होते.

मी गोळी घेतली नाही.

"परत विचारा, डॉक्टर," मी म्हटलं. "मोठ्याने."

त्यांनी समितीकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि मोठ्याने विचारलं. मग मी टेबलापाशी गेले, डुकराची कवटी पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.